उताऱ्यात न सांगितलेली गोष्ट: अनुमानाच्या प्रश्नात किती धरायची, किती सोडायची?

पानवेल

नमस्कार. मी वाचन-आकलनाच्या तयारीचे वर्ग घेते. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने मला एका प्रश्नावर अडवलं आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा. उतारा मी लिहिलेला, पर्याय माझे, उत्तरसूचीही माझीच.

उतारा:

"बोटीवरून उतरल्यावर ती थेट प्रयोगशाळेत गेली. मांडणीवरच्या परीक्षानळ्या तिने एकेक करून उजेडात धरल्या. सातव्या नळीपाशी ती थांबली. चष्मा काढून पुसला, परत लावला आणि तीच नळी पुन्हा उजेडात धरली. मग फोन उचलून तिने दुसऱ्या दिवशीचं व्याख्यान रद्द केलं."

प्रश्न: या उताऱ्यावरून कोणतं अनुमान काढता येईल?

अ) सातव्या नळीत तिला अपेक्षेपेक्षा वेगळं काही दिसलं.
आ) तिचा प्रयोग फसला होता.
इ) सातवी नळी हातात घेण्याआधी तिने सहा नळ्या पाहिल्या होत्या.
ई) रद्द केलेलं व्याख्यान याच प्रयोगाबद्दल होतं.

माझं उत्तर अ. तिने लिहिलं इ. मी चूक दिली, तर म्हणाली, "बाई, 'सातव्या' हा शब्द उताऱ्यात आहे. सहा झाल्याशिवाय सातवी येत नाही. 'वेगळं दिसलं' असं कुठे लिहिलंय?" मी म्हटलं, अनुमान म्हणजे न लिहिलेलंच ओळखायचं असतं. त्यावर ती म्हणाली, "मग आ आणि ईसुद्धा न लिहिलेलेच आहेत. ते का चूक?"

वर्गात मला सरळ उत्तर देता आलं नाही. आ आणि ई चूक आहेत हे मला दिसतं, पण "दिसतं" यावर मुलांचे गुण ठरवणं मला पटत नाही. न सांगितलेला तपशील कधी धरायचा आणि कधी सोडायचा, याची तुमची कसोटी काय आहे?

मोजपट्टी

माझी कसोटी एकच. पर्याय खोटा ठरेल अशी गोष्ट रचून पाहायची, मात्र उताऱ्यातलं प्रत्येक वाक्य खरं ठेवून. अशी गोष्ट रचता आली तर पर्याय सोडायचा.

आ घ्या. प्रयोग यशस्वी झाला, तिचा डोळ्यांवर विश्वास बसेना, म्हणून चष्मा पुसला. उताऱ्यातलं एकही वाक्य मोडलं नाही. आ बाद. ई घ्या. व्याख्यान दुसऱ्याच विषयावर होतं, तिला आता प्रयोगशाळेतून हलायचं नव्हतं. ई बाद.

इ खोटा पाडणारी गोष्ट मला रचता येत नाही. ताई, तुमची विद्यार्थिनी बरोबर आहे असं मला वाटतं.

तिसरा_पर्याय

मला येते. प्रयोगशाळेत नळ्यांवर आकडे घातलेले असतात. "सातवी नळी" म्हणजे ७ आकडा घातलेली नळी. तिने दहाव्या नळीपासून उलट सुरुवात केली असेल तर सातव्या आधी तीनच झाल्या. "एकेक करून" एवढंच लिहिलंय, कुठून सुरुवात केली ते लिहिलेलं नाही.

मोजपट्टी

मान्य. हे माझ्या लक्षात आलं नाही. म्हणजे इ सुद्धा शंभर टक्के नाही.

पण मग तीच कसोटी अ ला लावा. प्रवासाने ती थकली होती, नळ्या पाहता पाहता चष्म्यावर वाफ धरली म्हणून पुसला, आणि थकव्यामुळेच उद्याचं व्याख्यान नको म्हणाली. नळीत काहीच विशेष नव्हतं. उताऱ्यातलं एकही वाक्य मोडलं नाही. अ पण बाद. चारही बाद झाले.

दौत

मी बरीच वर्षं प्रश्नपत्रिका काढण्याचं काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मोजपट्टी यांची कसोटी चांगली आहे, पण ती सगळ्या प्रश्नांना सारखी लागत नाही. किती कडक लावायची हे प्रश्नाच्या शब्दांवर ठरतं. एलसॅट या कायद्याच्या प्रवेशपरीक्षेत हे दोन प्रकार उघड वेगळे आहेत. एकात विचारतात, दिलेलं खरं धरलं तर यातलं काय खरं असलंच पाहिजे. दुसऱ्यात विचारतात, दिलेल्या मजकुराचा सर्वांत जास्त आधार कशाला आहे. पहिल्यात खोटं पाडणारी एक गोष्ट सापडली की पर्याय गेला. दुसऱ्यात तशी गोष्ट जवळजवळ नेहमीच सापडते, तिथे पर्यायांची आपसात तुलना करायची असते.

पानवेल ताई, तुमच्या प्रश्नात "कोणतं अनुमान काढता येईल" एवढंच आहे. दोन्हीपैकी काय मागताय ते सांगितलेलं नाही. विद्यार्थिनीने पहिला अर्थ घेतला, तुम्ही दुसरा. वाद तिथेच सुरू झाला.

आता दुसरा अर्थ घेऊन अ आणि इ यांची तुलना करू. इ एका शब्दावर उभा आहे, "सातव्या". त्या शब्दाचा दुसरा अर्थ निघाला की पर्याय पडतो. अ ला चार आधार आहेत: ती थांबली, चष्मा पुसला, तीच नळी पुन्हा पाहिली, व्याख्यान रद्द केलं. मोजपट्टी यांनी अ खोटा पाडला, पण त्यासाठी त्यांना थकवा आणावा लागला, वाफ आणावी लागली, आणि तीच नळी पुन्हा का पाहिली याचं कारण तर त्यांनी दिलंच नाही. एकेका कृतीला वेगळं कारण शोधावं लागतं. "नळीत काहीतरी दिसलं" म्हटलं की चारही कृती एका कारणात बसतात. अ जास्त भक्कम आहे तो यामुळे.

उत्तररात्र

दौत सर, तुम्ही स्वतः "नळीत काहीतरी दिसलं" असं लिहिलंत. पर्यायात ते नाही. पर्यायात आहे "अपेक्षेपेक्षा वेगळं". हे "अपेक्षेपेक्षा" कुठून आलं?

समजा ती कित्येक महिने याच बदलाची वाट पाहत होती. बोटीवरून उतरून सामान ठेवायलाही न थांबता थेट प्रयोगशाळेत गेली, म्हणजे काहीतरी घडलेलं असणार अशी तिला आशा असेलच. सातव्या नळीत ते घडलेलं दिसलं. खात्री करायला चष्मा पुसून परत पाहिलं. तुम्ही मोजलेले चारही आधार जसेच्या तसे राहतात आणि अ तरीही चूक ठरतो, कारण तिला दिसलं ते तिच्या अपेक्षेप्रमाणेच होतं.

दौत

बरोबर. चार कृती "लक्ष वेधणारं काही दिसलं" इथपर्यंत नेतात. "अपेक्षेपेक्षा वेगळं" हे शेवटचं पाऊल उताऱ्याचं नाही. मी वाचताना पर्याय मनातल्या मनात दुरुस्त करून घेतला आणि मग त्याची बाजू मांडली.

चकवणारे पर्याय आम्ही असेच बनवतो, म्हणून मला हे आधी दिसायला हवं होतं. नव्वद टक्के बरोबर असलेलं वाक्य घ्यायचं आणि त्यात एक शब्द जास्तीचा घालायचा: "फक्त", "मुळे", "नेहमी", "पहिल्यांदाच". वाचणारा नव्वद टक्क्यांना मान डोलावतो आणि तो एक शब्द फुकटात आत येतो. मुलांना मी सांगतो, पर्यायातल्या प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवा आणि त्याचा आधार उताऱ्यात दाखवा. ज्या शब्दाखालचं बोट उताऱ्यात कुठेच टेकत नाही, तो शब्द तुम्ही किंवा पेपर काढणाऱ्याने आणलाय.

पानवेल

उत्तररात्र, तुमचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ उताऱ्याकडे पाहत राहिले. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर दचकलेली बाई होती. उताऱ्यात दचकणं नाही. माझ्या मनात होतं म्हणून मला ते पानावर दिसत होतं.

ओंजळ

ताई, यावर एक जुना प्रयोग आहे. १९७२ साली जॉन ब्रान्सफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना वाक्यं ऐकवली. त्यातलं एक साधारण असं होतं: तीन कासवं तरंगत्या ओंडक्यावर बसली होती आणि त्यांच्या खालून एक मासा पोहत गेला. नंतर विचारलं, तुम्ही नेमकं कोणतं वाक्य ऐकलं? "त्यांच्या खालून" की "ओंडक्याखालून"? लोकांची गल्लत झाली. कासवं ओंडक्यावर आहेत म्हटल्यावर कासवांखालून गेलेला मासा ओंडक्याखालूनही गेलाच. ऐकणाऱ्यांनी शब्द साठवले नव्हते, चित्र साठवलं होतं आणि चित्रात दोन्ही वाक्यं सारखीच खरी होती. दुसऱ्या गटाला कासवं ओंडक्याच्या शेजारी बसली आहेत असं ऐकवलं होतं. त्यांची तशी गल्लत झाली नाही, कारण त्या चित्रात ओंडक्याखालून मासा जात नाही.

चित्र तयार होणं ही चूक नाही, वाचनाचा अर्थच तो आहे. अडचण पर्याय वाचताना येते. तोपर्यंत उताऱ्यातलं काय आणि आपण भरलेलं काय याची शिवण दिसेनाशी झालेली असते. म्हणून आठवणीवरून उत्तर लिहू नये, परत जाऊन ओळ पाहावी. कासवांच्या प्रयोगात भरलेला तपशील बरोबर होता. "अपेक्षेपेक्षा" चा नव्हता. आतून मात्र दोन्ही सारखेच वाटतात.

शाईचा_डाग

मला या सगळ्या चर्चेनेच जरा वाईट वाटतंय. मी कथा-कविता वाचणारी आहे. न सांगितलेलं ओळखणं हाच वाचनाचा आनंद. प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून मुलं वाचायला लागली तर ती बोटभरच वाचतील. तुमच्या उताऱ्यातली ती बाई दचकली असं मलाही वाटलं आणि तसं वाटणं हाच त्या चार ओळींचा जीव आहे.

ओंजळ

शाईचा डाग, तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं, आणि आपल्या परंपरेत त्याला जागाही आहे. शब्दाच्या अर्थाचे तीन प्रकार मानतात: अभिधा म्हणजे सरळ अर्थ, लक्षणा म्हणजे सरळ अर्थ बसत नाही तेव्हा घेतलेला जवळचा अर्थ, आणि व्यंजना म्हणजे सुचवलेला अर्थ. व्यंजनेचं ठरलेलं उदाहरण म्हणजे "सूर्य मावळला" हे वाक्य. गुराख्याला त्यातून कळतं, गुरं परत न्यायची वेळ झाली. कर्मठाला कळतं, संध्येची वेळ झाली. प्रियकराची वाट पाहणारीला आणखी काही कळतं. वाक्य एकच, कळलेलं प्रत्येकाचं वेगळं, आणि सगळे बरोबर.

पण हेच उदाहरण परीक्षेत टाकून पाहा. गुराख्याचं उत्तर बरोबर आणि बाकीच्यांचं चूक असं ठरवायला काही आधार नाही. जे ऐकणाऱ्यागणिक बदलतं त्यावर गुण देता येत नाहीत. "थोड्या वेळाने अंधार पडेल" यावर देता येतील, कारण तिथे तिघेही एकत्र येतात.

दुसऱ्या बाजूला मीमांसा या जुन्या भारतीय दर्शनाच्या पंडितांची, म्हणजे मीमांसकांची, अर्थापत्ती आहे: सांगितलेलं जुळावं म्हणून न सांगितलेलं धरणं. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, म्हणजे तो रात्री जेवत असला पाहिजे. रात्रीचं जेवण कुणी पाहिलं नाही, कुणी सांगितलं नाही. पण ते धरलं नाही तर सांगितलेल्या दोन गोष्टी, धष्टपुष्ट असणं आणि दिवसा न जेवणं, एकमेकींशी जुळतच नाहीत. मीमांसक याला स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञान मिळवण्याचं वेगळं साधन मानतात, नैयायिक म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित ते अनुमानातच घालतात. मला त्यातला एक विचार या धाग्यासाठी मोलाचा वाटतो: हा तपशील धरला नाही तर उताऱ्यात काही विसंगत राहतं का? राहत असेल तर धरा. राहत नसेल तर तो तुमच्या मनाचा आहे, तिथेच जपून ठेवा.

मोजपट्टी

देवदत्ताच्या उदाहरणातही एक न सांगितलेली गोष्ट आहे. न जेवता माणूस धष्टपुष्ट राहत नाही, हे कुठे लिहिलंय?

ओंजळ

कुठेच नाही. ते जगाचं ज्ञान आहे, आणि ते धरल्याशिवाय एकही उतारा वाचता येणार नाही. मात्र कोणत्याही वाचकाला न विचारता मान्य होईल एवढंच धरायचं. न जेवता शरीर टिकत नाही, हे त्यात बसतं. शास्त्रज्ञ फक्त अनपेक्षित गोष्टीलाच थांबतात, हे बसत नाही.

चौकट

थोडं वेगळ्या अंगाने. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या वाचनात एक प्रश्नप्रकार असतो: बरोबर, चूक, किंवा दिलेलं नाही. मी त्यात सगळ्यात जास्त गुण घालवले ते "चूक" आणि "दिलेलं नाही" यांच्यात. उताऱ्यात एखाद्या गोष्टीचा उल्लेख नसला की मी "चूक" लिहायचो. चूक म्हणायलाही उताऱ्याचा आधार लागतो, त्याच्या विरुद्ध काहीतरी म्हटलेलं असावं लागतं, हे मला फार उशिरा कळलं. उतारा गप्प आहे याचा अर्थ तो नाही म्हणतोय असा होत नाही.

दौत

याच्याशी जोडून आणखी एक सांगतो. संग्रहालयाने प्रवेश मोफत केला, त्या वर्षी भेटींची संख्या दुप्पट झाली, असा उतारा असेल तर मुलं हमखास "मोफत केल्यामुळे दुप्पट लोक आले" हा पर्याय निवडतात. त्यात न सांगितलेल्या दोन गोष्टी आहेत. एक कारण, ते सगळ्यांना शिकवलेलं असतं. दुसरी कुणी पाहत नाही: उताऱ्यात भेटी आहेत, पर्यायात लोक आहेत. तीच माणसं दोनदा आली तरी भेटी दुप्पट होतात.

उत्तररात्र

मराठी उताऱ्यांबद्दल मला एक मुद्दा मांडायचाय, कारण अनुमानाचं जे काही शिकवलं जातं ते बहुतेक इंग्रजी उताऱ्यांवरचं असतं. आपल्याकडे न सांगितलेलं सांगण्याचं अर्धं काम बारके शब्द करतात.

"तो आला." काहीच कळत नाही.
"तो एकदाचा आला." वाट पाहणं चाललं होतं.
"तोही आला." आणखी कुणीतरी आलं होतं.
"तो चक्क वेळेवर आला." एरवी तो उशीर करतो, निदान सांगणाऱ्याचं तसं मत आहे.
"पत्र आलंच नाही." येईल असं वाटत होतं.

यातलं काहीही उघड लिहिलेलं नाही, तरी ते उताऱ्यातच आहे. त्यावर निर्धास्त गुण लावा. काही शब्दांसाठी वाक्य नकारार्थी करून पाहायची युक्ती चालते. "तिने लिहिणं सोडलं" आणि "तिने लिहिणं सोडलं नाही", दोन्हींत ती आधी लिहीत होती हे टिकतंच. नकारानंतरही जे टिकतं ते वाक्यात आधीच गृहीत धरलेलं असतं.

उलट, मराठीत काही ठिकाणी आपण नकळत जास्तीचं वाचतो. "पाहुणे आले." किती? आदरार्थी असेल तर एकच. "डॉक्टर खोलीत गेले." एक की अनेक, हे पुढच्या वाक्याशिवाय ठरत नाही. पर्यायात "एकापेक्षा जास्त" आलं की मी थांबतेच.

तिसरा_पर्याय

उत्तररात्र, हे कात्रण करून ठेवण्यासारखं आहे. यात "काही" हा शब्द घाला. "काही विद्यार्थी उत्तीर्ण झाले" वाचलं की आपण "सगळे झाले नाहीत" असं धरतो. बोलण्यात ते योग्यच आहे. सगळे झाले असते तर सांगणारा "सगळे" म्हणाला असता. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने १९६७च्या हार्वर्डमधल्या व्याख्यानांत याच प्रकारच्या न बोललेल्या अर्थाची मांडणी केली होती. पण एलसॅटसारख्या तर्काच्या परीक्षेत "काही" म्हणजे किमान एक, आणि सगळेही चालतात. तिथे "काही नापास झाले" हे अनुमान निघत नाही.

शाईचा_डाग

म्हणजे रोजच्या बोलण्यात जो अर्थ बरोबर, तोच परीक्षेत चूक. मुलांना हे कुणी समजावून सांगतं का?

दौत

फार कमी ठिकाणी. आणि ते न सांगता गुण कापणं मला अन्यायाचं वाटतं. काय मागितलंय हे प्रश्नातच लिहिलं पाहिजे.

पेपर काढणाऱ्यांसाठी एक तपासणी सुचवतो. उतारा झाकून फक्त प्रश्न आणि पर्याय कुणाला तरी द्या. तरीही उत्तर बरोबर येत असेल तर तो प्रश्न वाचन मोजत नाही. १९९०मध्ये स्टुअर्ट कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एसएटी या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेच्या आकलनाच्या प्रश्नांवर हेच करून पाहिलं. उतारा न वाचता उत्तरं देणाऱ्यांना नुसत्या अंदाजाने मिळतील त्यापेक्षा बरेच जास्त गुण मिळाले.

चौकट

संगणकाच्या बाबतीतही हेच घडलंय. स्टॅनफर्डमध्ये २०१५ साली वाक्यांच्या सुमारे ५ लाख ७० हजार जोड्यांचा एक संच बनवला. पहिल्या वाक्यावरून दुसरं निघतं, त्याच्या विरुद्ध जातं, की दोन्ही नाही, हे यंत्राने ओळखायचं. २०१८मध्ये संशोधकांनी दाखवलं की पहिलं वाक्य न दाखवताही सुमारे ६७ टक्के उत्तरं बरोबर येतात. नुसत्या शब्दांवरून कळत होतं. नकाराचा शब्द आला की बहुधा विरुद्ध, असं. मुलंही पर्यायात "नेहमी", "कधीच नाही" दिसलं की न वाचता काट मारतात, ते याच जातीचं आहे.

मोजपट्टी

पानवेल ताई, प्रश्न आता कसा करणार?

पानवेल

उतारा तोच ठेवलाय. प्रश्न केला: "या उताऱ्याचा सर्वांत जास्त आधार कोणत्या विधानाला आहे?" पर्याय अ केला: "सातव्या नळीत तिचं लक्ष वेधून घेणारं काहीतरी तिला दिसलं." इ तसाच राहू दिला, कारण त्यावर बोलण्यासारखं खूप आहे.

आज वर्गात तोच उतारा परत दिला आणि पर्याय झाकून ठेवायला सांगितले. आधी फक्त एवढंच करायचं: उताऱ्यात नसलेलं पण आपल्याला दिसलेलं एकेक लिहून काढायचं. कुणी पांढरा कोट लिहिला. कुणी रात्रीची वेळ लिहिली. दोघांनी ती एकटी होती असं लिहिलं. मी माझ्या वहीत "दचकली" लिहिलं आणि तेही त्यांना वाचून दाखवलं.

ती विद्यार्थिनी बराच वेळ काही लिहीत नव्हती. मग तिने लिहिलं, "नळ्या ओळीत होत्या आणि ती डावीकडून सुरू झाली." तिने उतारा पुन्हा वाचला, "एकेक करून" खाली बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाई, डावीकडून मी आणलं."

तिची मागची उत्तरपत्रिका मी मागून घेतली. त्या प्रश्नाचा गुण तिला दिलाय, आणि अ लिहिणाऱ्यांचाही ठेवलाय.

उत्तररात्र

ताई, दोन्हीकडचे गुण दिलेत हे फार बरं केलंत. "एकटी होती" लिहिणाऱ्या दोघांना विचाराल का, ते त्यांना कुठल्या वाक्यात दिसलं? मलाही ती एकटीच दिसली होती, आणि मी आत्ता परत वाचून पाहिलं तर तिथे तसं काही नाही.

पानवेल

उद्या पहिलं तेच विचारते. इथे येऊन लिहीन.